मुखवट्याची आतली बाजू

आमच्या संग्रहालयाच्या नोंदवहीत त्या मुखवट्याची माहिती एका ओळीत संपते: ‘आदिवासी मुखवटा, लाकूड, रंगीत, जि. ठाणे.’ गाव नाही, घराणे नाही, कोरणाऱ्याचे नाव नाही. मोखाड्याकडची चार माणसे तो पाहायला आली, तेव्हा त्यांतल्या सर्वांत वयस्क बाबांनी हनुवटीची चीर आणि तिच्यावर ठोकलेली लोखंडी पट्टी पाहून तो ओळखला. हे सोंग त्यांच्या गावच्या बोहाड्याचे. बोहाड्यात रात्रभर संबळ-पिपाणीच्या तालावर, मशालींच्या उजेडात देवादिकांची सोंगे नाचतात. बाबांचे मागणे साधे होते. “एका रात्रीपुरतं द्या. सकाळी आणून पोचवतो.”

मागणी रास्त होती. लगेच ‘हो’ म्हणता येईना, पण अडचण कागदपत्रांची नव्हती. मुखवट्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत पांढरी बारीक भुकटी अडकली होती, आणि मागे बांधलेली पुठ्ठ्याची जुनी चिठ्ठी लाकडाला टेकत होती तिथे करडी-काळी पडली होती. पुठ्ठा असा काळवंडला की पाऱ्याच्या क्षाराचा संशय घ्यावा.

लाकडाला भुंगेरे लागतात, पिसे आणि लोकर कसर खाते. म्हणून एके काळी जगभरच्या संग्रहालयांत वस्तूंवर आर्सेनिकचे द्रावण किंवा मर्क्युरिक क्लोराइड हा पाऱ्याचा क्षार फासत, पुढे डीडीटी मारत, कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवत. गोळ्या उडून जातात. आर्सेनिक आणि पारा मूलद्रव्येच आहेत, त्यांचे विघटन होऊन ती नाहीशी होत नाहीत. कधी काय लावले याची नोंद बहुतेक ठिकाणी नाही, आमच्याकडेही नव्हती. अमेरिकेत ॲरिझोनातल्या होपी या मूळ रहिवासी लोकांना संग्रहालयांकडून परत मिळालेल्या पवित्र वस्तूंपैकी काहींवर आर्सेनिक सापडले होते. तिथे मूळ रहिवाशांच्या वस्तू त्यांना परत करण्याच्या १९९० च्या कायद्याखालच्या नियमांनुसार ठाऊक असलेल्या कीटकनाशकाची माहिती वस्तू परत करताना द्यावीच लागते. कायदा सांगो न सांगो, जी वस्तू माणूस तोंडाला बांधणार आहे तिच्याबाबत हे आधी तपासलेच पाहिजे.

क्ष-किरण टाकून वस्तूतली मूलद्रव्ये ओळखणारे, हातात धरायचे क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र आणून बारा जागी प्रत्येकी साठ सेकंद मोजणी केली. यंत्र पडद्यावर मूलद्रव्यांची नावे आपोआप दाखवते, आणि चूक तिथेच होते. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेच्या रेषांवरून ओळखले जाते. आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ केईव्हीला (हे ऊर्जेचे एकक) येते, शिशाची १०.५५ ला. दोन्ही एकमेकींवर बसतात. शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. त्यामुळे शेंदरी रंगावर यंत्राने आर्सेनिक दाखवले तरी ते खरे असेलच असे नाही. मग दुय्यम रेषा पाहायच्या: आर्सेनिकची ११.७३ ला, शिशाची १२.६१ ला.

तरीही प्रश्न सुटत नाही, कारण आपले जुने रंगच विषारी. हिंगूळ हा पाऱ्याचा, हरताळ आर्सेनिकचा. (पोथीतली चुकलेली अक्षरे पुसायला हाच पिवळा हरताळ फासत, वाक्प्रचार तिथला.) मुखवट्याचे गाल पिवळे, ओठ लाल. दर्शनी बाजूला पारा आणि आर्सेनिक सापडले, पण रंगातले की फवारणीतले हे कळेना. उत्तर आतल्या बाजूला होते, कारण तिथे रंगाचा थेंबही नाही, नुसते कोरलेले लाकूड. आतल्या पाचही जागी आर्सेनिक मिळाले, तीन जागी पारा. म्हणजे कुणीतरी कुंचला घेऊन आतून-बाहेरून औषध फासले होते. डीडीटी या यंत्राने खात्रीने कळत नाही. त्यासाठी कापसाच्या बोळ्याने पृष्ठभाग पुसून नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. इथे मात्र त्या अहवालासाठी थांबण्याचे कारण उरले नव्हते.

यंत्रावरचा आकडा हा पृष्ठभागाचा अंदाज असतो. त्यावरून ‘इतके तास बांधला तर चालेल’ असा हिशेब निघत नाही. नाचणाऱ्याला घाम येतो, ओल्या कातडीवर क्षार विरघळतो, तोंड लाकडापासून बोटभर अंतरावर असते आणि दम लागल्यावर श्वास तिथूनच ओढला जातो. बारीक गाळणीच्या व्हॅक्यूमने सुटी भुकटी निघते, लाकडात मुरलेले निघत नाही. पाण्याने धुवावे तर विष आणखी आत उतरते आणि रंगही जातो.

हे सगळे बाबांना आलेख दाखवून सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “औषध तुम्हीच घातलं ना?” याला ‘हो’ याशिवाय उत्तर नव्हते. औषध संग्रहालयात लागले, त्याची नोंद संग्रहालयाने ठेवली नाही, आणि भोगायचे त्या गावाने.

त्यांच्याबरोबर आलेल्या कोरणाऱ्या दादांनी मुखवटा हातात मागितला. नायट्रिलचे दोन-दोन हातमोजे, एन-९५ मास्क, टेबलावर फेकून देता येईल असा कागद, एवढी तयारी करून दिला. दर्शनी बाजू त्यांनी क्षणभर पाहिली आणि लगेच मुखवटा पालथा घातला. कपाळ टेकते तिथे चार बोटे रुंदीचा पट्टा घामाने काळा, गुळगुळीत झाला होता. डावीकडचे दोरीचे भोक झिजून लांबट झाले होते, त्याशेजारी दुसरे नवे पाडलेले. नाकाच्या जागी पटाशीने मागाहून खोल केलेली खाच, तिचे घाव बाकीच्यांपेक्षा ताजे. “हे नंतर कुणीतरी मोठ्या नाकाच्या माणसासाठी खोदलंय,” ते म्हणाले. आमच्या संग्रहातल्या मुखवट्यांचे सगळे फोटो समोरून घेतलेले आहेत. इतक्या वर्षांत आतला एकही नव्हता.

नवा मुखवटा कोरायचे त्यांनीच ठरवले. आम्ही कॅलिपरने जाडी, डोळ्यांतले अंतर आणि आतली खोली मोजून दिली, आतून-बाहेरून फोटो दिले. लाकूड आणि मजुरी यांचा खर्च संग्रहालयाने उचलावा हा आग्रह मी धरला आणि तो मान्य झाला. जुना मुखवटा आता पारदर्शक बंद पेटीत आहे. पेटीवर विषाची चिठ्ठी आहे, तीत आर्सेनिक आणि पारा ही नावे, तपासणीची तारीख आणि हातमोज्यांची सूचना लिहिली आहे. नोंदवहीत गाव, घराणे आणि सोंगाचे नाव आले. कोरणाऱ्याचे नाव बाबांनाही आठवले नाही, म्हणून तो रकाना रिकामा आहे, खोडलेला नाही.

बोहाड्याच्या आधी नवा मुखवटा घेऊन ते पुन्हा आले. दोन्ही समोरासमोर ठेवा म्हणाले, जुना पेटीतच राहिला तरी चालेल. अर्धा तास तसे ठेवले. काय म्हटले ते मी टिपून घेतले नाही, त्यांनी तशी विनंती केली होती. कपाटात अजून चौदा मुखवटे आहेत, पुढल्या महिन्यात यंत्र पुन्हा येईल. मोजणीला सुरुवात आतल्या बाजूने करायची आहे.