मोडके खडू आणि फूटीची जर्सी

सप्टेंबर लागला की मेलबर्नमध्ये फूटीशिवाय दुसरा विषय नसतो. फूटी म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल. लांबट चेंडू, अंडाकृती मैदान आणि गोलाच्या जागी जाळी नाही, नुसते चार खांब: मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. लाथेने मारलेला चेंडू मधल्या दोघांतून गेला तर 6 गुण, कडेच्या फटीतून गेला तर 1. फायनल शनिवारी एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, आणि सुट्टी आदल्या शुक्रवारी, सगळ्या व्हिक्टोरिया राज्याला. मॅचच्या आदल्या दिवसाची सरकारी सुट्टी! पहिल्या वर्षी मला वाटलं, नवरा थट्टा करतोय.

आमची लेक तेव्हा चार वर्षांची, किंडरला जायची. किंडर म्हणजे आपली बालवाडी. फूटीच्या दिवसांत तिथे जर्सी रंगवायच्या होत्या, म्हणून मी हौसेने चोवीस मेणखडूंची कोरी पेटी दिली. दुपारी आणायला गेले तर ट्रेमध्ये माझ्या खडूंचे तुकडे! कागद सोललेले, प्रत्येक तुकडा अंगठ्याच्या पेराएवढा. आमच्या लहानपणी खडू मोडला की पाठीत धपाटा बसायचा. माझा चेहरा बघून बाई हसल्या आणि एक तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, धरून बघ.

धरला. तो मुठीत धरताच येत नव्हता. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, बस. आपण मीठ घेतो तशी चिमूट! लांब खडू दिला की लहान मूल तो मुसळासारखा मुठीत धरतं. पेराएवढा तुकडा दिला की न शिकवता चिमटीत धरतं.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चाच असतात आणि मग वर्षानुवर्षं एकेक करून टणक होत जातात. सगळ्यात शेवटचं तर साधारण नऊ वर्षांनंतर. त्यामुळे चार वर्षांच्या पोराला ओळीत अक्षरं काढायला बसवण्यापेक्षा आधी खांदा, मग मनगट, मग बोटं असं कामाला लावायचं. म्हणून किंडरमध्ये कागद टेबलावर नव्हते, भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवले होते. उभ्या कागदावर रंगवताना मनगट आपोआप मागे वळतं आणि बोटं मोकळी होतात.

जर्सीची गंमत मला नंतर कळली. मुलांच्या हाताला रेघाही एका क्रमाने जमतात. आधी उभी, मग आडवी, तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल, मग अधिकचं चिन्ह, चौकोन, आणि तिरकी रेघ सगळ्यात उशिरा, पाचव्या वर्षाकडे. आता संघ बघा. कॉलिंगवूडचे काळे-पांढरे उभे पट्टे: कुणालाही जमतात. जीलाँगचे निळे-पांढरे आडवे: थोडे अवघड. आणि एसेंडनच्या काळ्या जर्सीवर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका लाल पट्टा. तो रंगवताना आमचं पात्र रडकुंडीला आलं, कारण शेजारचा मित्र एसेंडनवाला आणि हिला त्याच्यासारखीच हवी होती. मी म्हटलं, आधी कॉलिंगवूड कर. तर म्हणे, ते झेब्रे आहेत.

घरी आम्ही दोन युक्त्या केल्या. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर जर्सी कापून पट्ट्यांच्या कडांवर फेविकॉलसारख्या डिंकाची जाड रेघ ओढली आणि रात्रभर वाळू दिली. सकाळी त्या कडेला खडू अडतो, म्हणजे डोळ्यांआधी हातालाच समजतं की इथे थांबायचं. दुसरी त्याहून सोपी: करंगळी आणि अनामिकेत कापसाचा बोळा धरायला द्यायचा, म्हणजे ती दोन बोटं गप्प बसतात आणि उरलेली तीन काम करतात. बोळा दर दोन मिनिटांनी पडतो, तो उचलणं हाही व्यायामच.

इंटरनेटवरून छापलेली खेळाडूंची चित्रं मात्र मी बंद केली. बुटांच्या नाड्या, केसांच्या बटा, जाहिरातींची बारीक अक्षरं. ती मोठ्या माणसांनी निवांत रंगवावीत. चार वर्षांच्या हाताला मोठी जागा आणि जाड कड लागते.

सांगलीला आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं. तिचं मत: "त्यात काय एवढं? तुला मी मटार सोलायला बसवत होते, वाती वळायला बसवत होते. खडू मोडायची काय गरज होती गं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग दिवाळी आली. इथे दारासमोर काँक्रीट, त्यावर रांगोळी छान उठते. लेकीने डब्यात हात घातला आणि मूठभर नाही, चिमूटभर रांगोळी उचलली. चार उभ्या रेघा ओढल्या, मधल्या दोन उंच, कडेच्या दोन आखूड. मी फोन खाली धरून आईला दाखवलं.

"अगं बाई, ऊस उभे केलेस होय तुळशीच्या लग्नाला?"

"नाही आजी," लेक म्हणाली, "ते गोलपोस्ट आहेत. आता तू किक मार."