तुम्ही विचारलंत म्हणून : खोट्यात पास-नापास काय करायचं?

"सगळं खोटंच असतंय की बे, मग त्यात पास-नापास काय करतोस?"

मी भयपट आणि विज्ञानपट बघून त्यांच्यावर लिहितो हे कळलं की हा प्रश्न येतोच. मित्र तो असा विचारतात. नात्यातली वडीलधारी मंडळी जरा सभ्यपणे विचारतात, "अहो, भूत नसतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यात तुम्ही बरं-वाईट कसं ठरवता?" सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या ज्या कापड दुकानात मी हिशोब लिहितो, तिथल्या शेठजींना तर हा माणूस दिवसा ठीक असतो आणि रात्री त्याचं काहीतरी होतं, असंच वाटतं.

तर उत्तर असं, की खोटं असतं म्हणूनच ठरवता येतं. खऱ्या घटनेवरचा सिनेमा कुठं अडला तर 'असंच घडलं होतं' म्हणून सुटतो. भुताच्या किंवा परग्रहाच्या सिनेमाला ही पळवाट नाही. त्याला प्रत्येक गोष्ट पडद्यावरच पटवून द्यावी लागते.

आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग हंगामभर कोयता चालवून ती फेडायची, हा व्यवहार इथं सगळ्यांना माहीत आहे. असले सिनेमेही प्रेक्षकाकडून सुरुवातीला एक उचल घेतात. 'एवढं एक खोटं मान' म्हणतात. आपण मानतो. पुढं फेड होते की नाही, एवढंच मी बघतो.

'द मार्शियन' (२०१५) घ्या. मंगळावर वादळ येतं, यान कलंडायला लागतं, सगळे घाईनं निघून जातात आणि एकजण मागं राहतो. मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथलं वादळ यान पाडू शकत नाही. हे मूळ कादंबरीच्या लेखकालाही माहीत होतं आणि त्यानं ते उघडपणे मान्य केलंय. गोष्ट सुरू व्हायला त्याला एक खोटं हवं होतं, ते त्यानं घेतलं. त्यानंतर मात्र त्या माणसाला काहीच फुकट मिळत नाही. पाणी हवं तर यानाच्या इंधनातून हायड्रोजन काढून जाळायचा, जेवण हवं तर माणसांच्या विष्ठेचं खत घालून बटाटे लावायचे, आणि एका बिघाडानं ते सगळं उडून जायचं. असल्या सिनेमातल्या वादळावर जो बोट ठेवून बसतो, तो विज्ञानाचा हुशार असेल, पण सिनेमा त्याच्या हातून निसटला.

आता उलट बाजू. पूर्वार्धात भूत भिंतीतून आरपार जातं आणि उत्तरार्धात दारावर धडका मारत बसतं. पूर्वार्धात ते उंबरा ओलांडू शकत नाही, आणि शेवट जवळ आला की थेट माजघरात. का? तर दिग्दर्शकाला घाई. असा सिनेमा माझ्याकडं नापास, मग कॅमेरा कितीही देखणा असू दे. यासाठी मला आपलं मध्यंतर फार उपयोगी पडतं. दिवे लागले की मी वहीत लिहून ठेवतो, या भुताला काय जमतं, काय जमत नाही. दिवे गेले की ताळा. परदेशी सिनेमांत मध्यंतर सहसा नसतंच. इथं ते कुठंही टाकतात, कधी कधी तर पात्राचं वाक्यसुद्धा पुरं होऊ देत नाहीत. दार उघडायला हात पुढं गेलाय आणि पडद्यावर गुटख्याविरुद्धची जाहिरात. त्या भीतीचं मग जे होतं त्याचा दोष मी सिनेमाला देत नाही.

नियमांचं बोललो की लोकांना वाटतं मी जुने हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंना हसणार. मुळीच नाही. 'पुराना मंदिर' (१९८४) मधल्या सैतानाचा मेकअप आज पोरं बघून खिदळतात, पण व्यवहार चोख आहे. त्याचं मुंडकं एकीकडं पेटीत, धड दुसरीकडं. दोन्ही एकत्र आली की तो उठणार. हे सुरुवातीलाच सांगून टाकतात. मग पेटीच्या कुलपाला कुणी हात लावला तरी थिएटरात आवाज व्हायचा. 'तुंबाड' (२०१८) हे त्याहून कितीतरी वरचं काम, पण पाया तोच. त्यातल्या हस्तर या शापित देवाला सोनं मिळालं, धान्य नाही, म्हणून तो पिठाचा भुकेला. एवढ्या एका नियमावर अख्खा सिनेमा उभा आहे, आणि शेवटही त्याच पिठातून मळलेला आहे. पहिल्यांदा लागला तेव्हा फारसे लोक गेले नाहीत. २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा मूळ प्रदर्शनापेक्षा जास्त कमाई झाली. (आमच्या घरी हस्तर आला असता तर त्याला ज्वारीच्या पिठावर भागवावं लागलं असतं.)

दुसरी गोष्ट आवाजाची. अंधार, शांतता, आणि एकदम कानठळ्या बसवणारा ठणका. मांजर निघतं. हे जुनंच आहे. १९४२ च्या 'कॅट पीपल' मध्ये एक बाई रात्री एकटी चाललीये, मागं कुणीतरी आहे, आता झडप पडणार, तेवढ्यात फिस्सकन आवाज करत बस येऊन थांबते. निर्माता व्हॅल ल्यूटन. तेव्हापासून असल्या दचक्याला 'ल्यूटन बस' म्हणतात. फरक असा, की त्या बाईच्या मागं खरंच काहीतरी होतं. बसनं फक्त आपला श्वास सोडवला, भीती मिटवली नाही. आजकाल बसच तेवढी येते. कुणीही कानाशी ताट आपटलं तरी मी दचकेन, त्यात कसब काय?

म्हणून शंका आली की घरी तोच प्रसंग मी आवाज बंद करून बघतो. चित्र एकटं उभं राहत असेल तर पहिला अडथळा पार. पण 'सायको'ची (१९६०) गंमत वेगळी. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीतच नको, असं दिग्दर्शक हिचकॉकचं मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं तरीही नुसत्या तंतुवाद्यांवर संगीत केलं, ते ऐकून हिचकॉकनं मत बदललं. आज तो प्रसंग आवाज बंद करून बघितला तर निम्माच उरतो. म्हणजे माझी कसोटीही सरसकट चालत नाही. चालली असती तर काम सोपं झालं असतं.

आणि प्रेक्षक. सोलापुरात भयपट बघायचा तर गर्दीत. पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पोरं, हत्तुरे वस्तीकडचे, विजापूर रोडचे, सगळे एका रांगेत. पडद्यावरच्या बाईला मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत सल्ले मिळतात. "मागं बघ की बे!" हे तर ठरलेलंच. पुण्याचे एक पाहुणे यावर वैतागले होते. मला हा आवाज वाचता येतो. घाबरल्यावर लोक हसले तर भीती पोचलेली असते, ते हसू सुटकेचं. घाबरायच्या आधीच हसले तर सिनेमा हातातून गेला. आणि जेव्हा सल्ला देणारेच गप्प होतात, तेव्हा मी वही मिटतो आणि बघतो.

इथल्या माणसाला काही गोष्टी जास्त लागतात, हेही खरं. 'लपाछपी' (२०१७) उसाच्या फडात घडतो. पुढं त्याचा हिंदीत 'छोरी' झाला. शहरातल्या कुणाला तो फड म्हणजे नुसता हिरवा चक्रव्यूह वाटेल. आपल्याकडं मात्र डोक्याच्या वर गेलेल्या उसात शिरल्यावर दोन हातांपलीकडचं दिसत नाही, पात्यानं हात चिरतात आणि वारा नसतानाही पाचट वाजतं, हे अंगाला ठाऊक असतं. त्या सिनेमाला माझ्याकडून उचल मागावीच लागली नाही. परीक्षणात मी हे लिहिलं, कारण मला जास्त भीती वाटली ती काही अंशी माझ्या जिल्ह्यामुळं. वाचणाऱ्यानं ते वजा करून घ्यावं.

याच्या उलट, मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर असताना 'द थिंग' (१९८२) बघा. अंटार्क्टिकावरची बर्फात अडकलेली माणसं आणि कुणाचंही रूप घेऊ शकणारा एक प्राणी. तो लागला तेव्हा समीक्षकांनी त्याला धोपटलं होतं, बहुतेकांनी किळसवाणा म्हणून. आज त्याचं नाव आदरानं घेतात. मला त्यात शिकण्यासारखं हे वाटतं, की किळस त्यांना बरोबरच वाटली होती, पण ते तिथंच थांबले. एका खोलीतली माणसं एकमेकांच्या रक्तात तापलेली तार बुडवून कोण माणूस उरलाय ते तपासतात, तो प्रसंग किळसेचा नाहीच. तो संशयाचा आहे.

एवढं सांगून झाल्यावरही समोरचा म्हणतो, "ते ठीक आहे, पण किती स्टार?" स्टार मी देत नाही. त्याऐवजी परीक्षणाच्या तळाशी कामाचं लिहितो : आवाज किती, रक्त किती, जनावराला इजा दाखवलीये का, प्रमाणपत्र कुठलं. २०२४ पासून सेन्सॉरनं 'यूए' मध्ये ७+, १३+ आणि १६+ असे भाग केलेत, ते बघून तिकीट काढा. आणि 'ए' (फक्त प्रौढांसाठी) असेल तर कडेवरच्या लेकराला आजीकडं ठेवून या. रात्रीच्या खेळाला ते भुताला भीत नाही, पण मध्यंतरानंतर भूक लागून रडतं, आणि त्या वेळी माझा ताळा चाललेला असतो.