जोग: धबधबा दाखवायचा की वीज करायची?

कर्नाटकातल्या सागर गावाच्या बसस्टँडवर जो तो एकच विचारत होता, "गेट उघडलेत का?" गेट म्हणजे जोगच्या वर शरावती नदीवर असलेल्या लिंगनमक्की धरणाचे दरवाजे. ते बंदच होते. तरी निघालो. ऑगस्टचा पाऊस होता, काहीतरी दिसेलच.

जुन्या मराठी पुस्तकांतला गिरसप्पाचा धबधबा तो हाच जोग. उंची २५३ मीटर. पोचलो तेव्हा दरीत नुसतं धुकं, कानाला फक्त आवाज. कणीस खात पत्र्याखाली उभं राहिलो. मग वाऱ्याने धुकं एका बाजूने उचललं आणि धबधब्याच्या चार धारांपैकी आधी राणी दिसली, खडकावरून फेसाळत अंग चोरून उतरणारी. मग रॉकेट, रोअरर, आणि सरळ दरीत झेपावणारा राजा. चौघे वेगवेगळे ओळखू येत होते, कारण पाणी बेताचंच होतं. धरण इथून जेमतेम सहा किलोमीटर वर. समोर पडत होतं ते बहुतेक मधल्या पट्ट्यातल्या पावसाचं.

बाकीची शरावती कुठे जाते? १९६४ मध्ये लिंगनमक्की झालं. तिथून पाणी तळकळले जलाशयात वळवतात आणि पुढे मोठ्या नळांतून धबधब्याच्या खालच्या अंगाला असलेल्या वीजघरात सोडतात. १०३५ मेगावॅटचं वीजघर. ज्या उतारामुळे धबधबा झाला, तोच उतार आता नळांत आहे. उन्हाळ्यात कड्यावर नुसता काळा खडक उरतो, त्याचं कारण हेच.

धबधबा गेला म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. धरणात गावं गेली त्यांच्याबद्दल क्वचितच कुणी बोलतं, आणि त्यांच्या जमिनीच्या हक्काचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. १९४०च्या दशकातलं हिरेभास्कर धरणसुद्धा याच पाण्याखाली गेलं. जलाशय फार आटला की ते वर दिसतं.

खालचं पाणी पंपाने पुन्हा वर चढवून धबधबा बारमाही करायचा, अशी योजनाही काही वर्षांपूर्वी पुढे आली होती. म्हणजे विजेसाठी धबधबा आटवायचा आणि धबधब्यासाठी वीज जाळायची! त्यापेक्षा पावसाळा सरता सरता या. जलाशयाची पूर्ण पातळी १८१९ फूट. आकडा त्याच्या जवळ गेला की दरवाजे उघडण्याची शक्यता असते. निघण्याआधी सागरला कुणालाही विचारा, पातळी तोंडपाठ असते.