पनवेल की दिवा

आमचं पेण म्हणजे रोहा-दिवा लायनीवरचं, आणि माझं ऑफिस दादरला. म्हणजे सकाळच्या मेमूत, म्हणजे आमच्या विजेवरच्या पॅसेंजर गाडीत, बसलो की सोमाटणे येईस्तोवर डोक्यात एकच किडा, पनवेलला उतरायचं की दिव्यापर्यंत जायचं?

कागदावर दिवाच बरं. एकदाच गाडी बदलायची, फास्ट मिळाली तर थेट दादर. 2016 पर्यंत फास्ट लोकल दिव्याला थांबतच नव्हत्या, लोकांनी किती बोंबाबोंब केली तेव्हा कुठे थांबायला लागल्या. पण थांबते म्हणजे काय हो, कल्याण-डोंबिवलीकरांनी ती आधीच ठासून भरलेली असते आणि आपण एक पाय आत, एक पाय देवाच्या भरवशावर. शिवाय आमची मेमू निळज्याच्या अलीकडे उगाचच उभी राहते, मागून येणाऱ्या मेलला वाट द्यायला, आणि समोरच्या बाकावरचा पत्ते पिसणारा ग्रुप तेवढ्यात आणखी एक डाव उरकून घेतो.

पनवेलचं उलट. हार्बर लोकल तिथूनच सुटते म्हणजे बसायला मिळायची शक्यता, पण मेमूतून उतरून पूल चढून हार्बरच्या बाजूला धावायचं, आणि रिकामी गाडी येताना ती थांबायच्या आधीच आत उडी मारणारे वीर असतात त्यांच्याशी स्पर्धा. मला ते या वयात जमत नाही त्यामुळे बहुतेक वेळा चौथी सीट, म्हणजे अर्धं बूड बाहेर. आणि वर कुर्ल्याला उतरून परत बदला! दोन-दोन बदल, प्रत्येक स्टेशन घेत जाणारी गाडी. पण वाशीची खाडी आली की खारा वारा तोंडावर येतो, हिवाळ्यात चिखलात फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा दिसतो, आणि मी बसलेला असतो. हे शेवटचं महत्त्वाचं.

बाबांना यात काही प्रश्नच दिसत नाही. त्यांच्या तरुणपणी हार्बर लोकल पनवेलला येतच नव्हती, ती आली 1998 ला, कोकण रेल्वे रोह्यापासून खाली पूर्ण सुरू झाली त्याच वर्षी. त्याआधी मुंबई म्हणजे एसटी. "तुम्हाला दोन वाटा आहेत म्हणून डोकं फिरतंय," म्हणतात. हमरापूरला भाजीची टोपली घेऊन चढणाऱ्या मावशी तर सरळच सांगतात, "दिव्याला मरायला कशाला जातोस बाबा, पनवेलला उतर की." त्या स्वतः मात्र रोज दिव्यालाच उतरतात, तिथे भाजीला भाव बरा मिळतो म्हणे.

बरं, पासावर व्हाया लिहिलेलं असतं त्यामुळे रोज मूडप्रमाणे रस्ता बदलायची सोय नाही. मी तीन महिन्यांचा पनवेल-कुर्ला मार्गाचा काढला आणि दुसऱ्याच आठवड्यात, मंगळवारी, चक्क खिडकी मिळाली. वाशीपर्यंत डोळे उघडे होते. मानखुर्द आठवतं. कुर्ला नाही आठवत. जाग आली ती कॉटन ग्रीनला, शेजारच्या माणसाच्या खांद्यावर डोकं, आणि तो बिचारा हललाही नव्हता.

आमच्यातला एकजण त्याच मेमूने दिव्याला गेलेला, त्याचा मेसेज पडलेला, "दादरला पोचलो, वडापाव खातोय."

मग काय, सँडहर्स्ट रोडला उतरलो. तिथे हार्बर वर आणि मेन लाइन खाली, जिने उतरून गेलो तर कल्याणकडची स्लो येतच होती, आणि सकाळची उलट्या दिशेची म्हणून अख्खा डबा मोकळा. हवी ती खिडकी. पाय पसरून दादरपर्यंत गेलो, आणि ऑफिसात पंचवीस मिनिटं उशिरा का आलात याचं उत्तर भायखळ्यापासून परळपर्यंत जुळवत बसलो.