माझ्या झाडाला पालवी नाही

कोळसा अजून नखात आहे. दोनदा आंघोळ झाली, कानामागचासुद्धा निघाला, पण अंगठ्याच्या नखाखाली एक काळी रेघ बसलीये ती काही केल्या हलत नाही.

प्रयोग छान झाला म्हणे. मला काय दिसणार, मी जळकं झाड होते. बावीस मिनिटं हात वर, मान डावीकडे, डोळे अर्धे मिटलेले. आम्ही अकरा झाडं आणि लोक आमच्यामधून राखेतून चालत जातात. शेवटी एकेकाच्या अंगातून हिरवं कापड निघतं, कुणाच्या काखेतून, कुणाच्या केसांतून. दहाजणांच्या. माझ्या नाही. पहिल्याच तालमीत ताई म्हणाली होती, "तू उगवायचं नाही हां, तू तशीच उभी राहा." मीपण हसले होते तेव्हा.

आणि काल एक छोटी मुलगी माझ्यासमोर येऊन थांबली. बाकीची झाडं हिरवी झाली, ती वाट बघत राहिली, मग आईला विचारलं, "हे मेलंय का?" आई श्श म्हणाली आणि ओढून घेऊन गेली.

बस एवढंच. पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, मीच का? गुडघ्यांमुळे म्हणावं तर मग मला आधी बसवायला हवं होतं. वय? असेल. की मागच्या वर्षीचं ते सगळं तिला माहितीये म्हणून तिला वाटलं हिला जमेल... जाऊ दे, ते नको आत्ता.

खरं सांगू, राग त्या कापडाचाच आहे. चार मिनिटांत जंगल परत! ताईने तालमीत ऑस्ट्रेलियाचे फोटो दाखवले होते, 2019-20 च्या वणव्यांनंतरचे, काळ्याठिक्कर निलगिरीच्या खोडाला खालपासून वरपर्यंत पालवी, सालीखाली झोपलेले कोंब असतात ते आगीनंतर फुटतात. मान्य. पण तिथलीच माउंटन ॲश, तीही निलगिरीचीच जात, मोठ्या आगीत बहुतेक मरते आणि फक्त बियांतून परत येते, आणि त्या रोपांना स्वतःचं बी धरायला 15-20 वर्षं लागतात. त्याच्या आत दुसरा वणवा आला की संपलं, तिथे वेगळंच काहीतरी उगवतं. हे आमच्यात कुठेय? जोसेफ बॉइस या जर्मन कलाकाराने 1982 मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात 7000 झाडं लावायचं काम सुरू केलं, तेही कलाकृती म्हणूनच, शेवटचं झाड 1987 मध्ये लागलं तेव्हा तो गेलेला होता. पाच वर्षं. आणि आमचं चार मिनिटांत, वर टाळ्या.

हे सगळं मी ताईला मेकअप काढता काढता ऐकवलं, जरा जास्तच आवाजात. ती कापसाने माझी मान पुसत होती. म्हणाली, अगं म्हणूनच तर एक झाड ठेवलंय ना तसं. मग सुरूच झाली, जळून उभ्या राहिलेल्या मेलेल्या झाडांवरच केवढं काय काय चालतं. एक भुंगेरा असतो, त्याला आगीची उष्णता लांबून कळते, शरीरावर तसे अवयवच असतात, तो लाकूड धुमसत असतानाच येऊन अंडी घालतो. मग अळ्या लाकूड पोखरतात. मग उत्तर अमेरिकेत त्या अळ्यांसाठी काळ्या पाठीचा सुतारपक्षी येतो, त्याला ताजं जळलेलं जंगलच आवडतं, मेलेल्या खोडातच भोक पाडून घर करतो. आणि माणसं आधी तीच झाडं कापून नेतात.

म्हणजे मला अळ्या पडणार आणि वर भोक पण. वा. काय प्रमोशन आहे!

हसू आलं खरं. घरी येताना मात्र परत तेच, त्या मुलीला कोण सांगणार हे. तिच्यासाठी मी मेलेलीच. आणि तसं बघितलं तर बरोबरच बोलली ती, मेलेलंच होतं झाड, मला उगाच झोंबलं. बावीस मिनिटं न हलता उभं राहणं बाकी कुणाला जमलं नाही हेही खरंय, तिसऱ्या झाडाला तर चक्क शिंक आली.

रविवारी परत प्रयोग आहे. आत्ता ताईला मेसेज टाकलाय, माझ्या कपड्याला पाठीत एक गोल भोक पाडता येईल का, सुतारपक्ष्याचं, मुलांच्या उंचीवर.

तिचा फक्त अंगठा आलाय. पिवळा, स्वच्छ.