बक्षिसाची आशा की ठरलेलं व्याज

ब्रिटनचं सरकार दर महिन्याला एक सोडत काढतं. त्यात दोघांना प्रत्येकी दहा लाख पौंड मिळतात, आपल्या हिशेबानं अकरा कोटींच्या वर. बाकीची बक्षिसं लाखोंच्या संख्येनं निघतात, पण त्यातली बहुतेक 25 ते 100 पौंडांची असतात. या योजनेचं नाव प्रीमियम बॉन्ड. दोन कोटींहून जास्त लोकांनी त्यात पैसे ठेवलेत. मी ब्रिटनमध्येच काम करते. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या नर्सेसमध्ये महिन्याच्या सुरुवातीला हाच विषय असतो, कुणाला काय लागलं.

हे मी फोनवर सहज सांगितलं आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडचा माझा चुलतभाऊ म्हणाला, "ताई, तिकडलं सरकारच लकी ड्रॉ काढते, मंग आपल्या इथल्या दुकानदारानं काढला तं काय बिघडते?" त्याच्या हाती कापसाचा चुकारा आला होता आणि तालुक्याच्या गावातल्या एका दुकानाचा माणूस घरी कार्ड घेऊन बसला होता. महिन्याला हजार रुपये, वीस महिने, दर महिन्याला एक मोटारसायकल. ज्याचा नंबर लागेल त्याचे पुढचे हप्ते माफ. ज्याचा लागणार नाही त्याला शेवटी वीस हजारांचं सामान. त्याला फोनवर दिलं त्यापेक्षा सविस्तर उत्तर इथे लिहिते, कारण असं कार्ड तुमच्याही घरी येत असेल.

आधी ब्रिटनची गोष्ट. अर्थमंत्री हॅरल्ड मॅकमिलन यांनी 1956 च्या अर्थसंकल्पात ही योजना मांडली आणि जून 1957 मध्ये पहिली सोडत झाली. विरोधी पक्षाचे हॅरल्ड विल्सन यांनी ही हलक्या दर्जाची सोडत असल्याची टीका केली होती. तरी ती टिकली, याचं कारण मुद्दल. तुम्ही ठेवलेला प्रत्येक पौंड सरकारी हमीचा असतो आणि मागाल तेव्हा परत मिळतो. पणाला लागतं ते फक्त व्याज. सगळ्यांचं व्याज एकत्र करून त्यातून बक्षिसं वाटली जातात. सोडतीचे नंबर काढणाऱ्या यंत्राला इथले लोक प्रेमानं 'अर्नी' म्हणतात.

पण व्याज पणाला लावणं म्हणजे काय, ते आकड्यांत पाहा. 2025 मध्ये एका पौंडाच्या बॉन्डला एका महिन्यात बक्षीस लागण्याची शक्यता 22,000 मध्ये 1 होती. समजा एखादीनं 1,000 पौंड ठेवले. वर्षभरात तिला एकही बक्षीस न लागण्याची शक्यता साधारण 58 टक्के निघते. म्हणजे अशा शंभर जणींमधल्या अठ्ठावन्न जणींच्या हाती वर्षाअखेर फक्त मुद्दल, आणि तेही महागाईनं थोडं झिजलेलं. सगळ्या ठेवींच्या किती टक्के रक्कम वर्षाला बक्षिसांत वाटायची, तो दर सरकार जाहीर करतं. ऑगस्ट 2025 मध्ये तो 3.6 टक्के होता. पण ती सरासरी आहे. दहा लाखवाल्यांचं बक्षीसही त्यातच धरलेलं असतं. त्याच सुमारास इथल्या चांगल्या मुदत ठेवींवर चार टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं, आणि ते प्रत्येकाला मिळत होतं.

मग शहाणी माणसं यात पैसे का ठेवतात? माझ्या ओळखीतल्या एक निवृत्त डॉक्टरीण बाईंनी पूर्ण 50,000 पौंड ठेवलेत, कमाल मर्यादा तेवढीच आहे. त्यांचं पेन्शन चांगलं आहे, घर स्वतःचं आहे, आणि बक्षिसावर कर लागत नाही. इतकी मोठी रक्कम असली की लहान बक्षिसं बऱ्यापैकी नियमित लागत राहतात. एखाद्या वर्षी कमी आली तरी त्यांचं काही अडत नाही. मी माझे पैसे कॅश आयसा नावाच्या खात्यात ठेवते. ठरलेलं व्याज, आणि त्यावर कर नाही. घरी किती पाठवता येईल हे मला आधी माहीत असावं लागतं.

आता आपल्याकडचं. त्या दुकानाच्या योजनेत नंबर न लागलेल्या माणसाला पैसे परत मिळतच नाहीत, सामान मिळतं, आणि तेही दुकान लावेल त्या भावानं. वीस महिन्यांचं व्याज तर गेलंच. दुकान मध्येच बंद झालं तर दाद मागायला कागद म्हणून हाती फक्त ते कार्ड. ब्रिटनची सोडत आणि त्या दुकानाची सोडत यांच्यात नाव सोडलं तर काहीच सारखं नाही. वर्गणी गोळा करून सोडतीनं बक्षीस वाटणाऱ्या अशा योजनांवर आपल्या देशात 1978 च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, हेही गावात फार थोड्यांना माहीत असतं. आयाबायांची भिशी मी यात धरत नाही. तिथे सगळ्या एकमेकींच्या ओळखीच्या असतात आणि पाळी प्रत्येकीची येते.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. आपली शेती कोरडवाहू. पाऊस, भाव, अळी, यातलं काहीच आपल्या हातात नाही. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं उभी पऱ्हाटी कशी खाल्ली, ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. वर्षभर नशिबाच्या भरवशावर राहून जे चार पैसे घरात येतात, ते पुन्हा सोडतीत का टाकायचे? डॉक्टरीण बाईंचं उत्पन्न पक्कं आहे, म्हणून त्यांना व्याज नशिबावर सोडता येतं. आपलं उत्पन्नच कच्चं आहे, म्हणून आपली बचत पक्की पाहिजे.

भावाला मी आधी विचारलं की कोणता पैसा कधी लागणार आहे. जूनमध्ये बियाण्याला लागणारा पैसा साध्या बचत खात्यातच राहू दे, पोस्टात चार टक्के मिळतात. तो मुदत ठेवीत अडकवायचा नाही, कारण पोस्टाची मुदत ठेव सहा महिन्यांच्या आत मोडता येत नाही. पोरीच्या शिक्षणाचा पैसा सुकन्या समृद्धी खात्यात. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत ते उघडावं लागतं आणि 2024 पासून दर 8.2 टक्के आहे. पाच वर्षं हात लावायचा नाही असा पैसा एनएससीत, म्हणजे पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रात. 7.7 टक्क्यांनी दहा हजारांचे पाच वर्षांत 14,490 होतात. आणि ज्या हजार रुपयांसाठी तो कार्डवाला आला होता, तेच हजार दर महिन्याला पोस्टाच्या आरडीत, म्हणजे आवर्ती ठेवीत, टाकले तर 6.7 टक्के दरानं पाच वर्षांत साठ हजारांचे 71,000 च्या थोडे वर होतात. एनएससी आणि आरडीत खातं उघडतानाचा दर शेवटपर्यंत तोच राहतो, सुकन्या खात्याचा मात्र मध्येही बदलू शकतो. हे दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, तेव्हा जाताना विचारून घ्या.

आरडीची एक अडचण आहे. शेतकऱ्याकडे दर महिन्याला रोकड नसते. लागोपाठ हप्ते चुकले तर खातं बंद पडतं, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता धरा. कापूस विकला की पुढच्या महिन्यांचे हप्ते आगाऊ भरता येतात, त्यावर थोडी सूटही मिळते. मी इथून तुमच्या नावानं काही उघडू शकत नाही, आणि परदेशात राहणाऱ्याला या योजनांत नवं खातंही काढता येत नाही. ते तुम्हालाच जाऊन करावं लागेल.

पतसंस्था जास्त व्याज देते, असं वहिनी म्हणाल्या. देत असेल. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. दीड-दोन टक्क्यांसाठी आयुष्याची पुंजी तिथे ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते.

भावानं ते कार्ड परत केलं. सोमवारी तो पोस्टात जाणार आहे. आधार, पॅन आणि दोन फोटो बरोबर न्यायला सांगितलंय. आणखी एक सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. पैसे एजंटबाईंच्या हाती दिले तरी चालतील, पण पासबुकावर पोस्टाचा शिक्का आणि नोंद दर वेळी स्वतः पाहा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला दाखवा.