तीच ती गाठ

पुस्तकांचे एक बुटके कपाट रंगवायला घेतले होते. पुस्तके जमिनीवर उतरवून झाली होती आणि ओल्या फडक्याने कपाटाची बाजू पुसत असताना खालच्या कोपऱ्यातला सुटलेला पापुद्रा नखाला लागला. पापुद्रा दिसला की तो थोडासा तरी उचलून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. बरी होत आलेली खपली असो की बाटलीवरचे लेबल, माझे वर्तन सारखेच. नखभर उचलला आणि सागवानाच्या खालून दाबलेला भुसा डोकावला.

हे सागवान छापील असते, हा शोध मला आठव्या वर्षी लागला होता. तापाने आठवडाभर अंथरुणावर होतो, समोर असेच व्हिनाइल, म्हणजे लाकडाची नक्षी छापलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा, चढवलेले कपाट होते आणि त्याच्या दारावरच्या रेषांतून बोट फिरवणे एवढाच काय तो उद्योग होता. एका वळणावर डोळ्यासारखी गाठ होती आणि तिच्या कडेला बारीक काळा ठिपका. दीड वीत वर दुसरी गाठ होती आणि तिच्याही कडेला तोच ठिपका. त्याच्यावर दीड वितीवर पुन्हा तीच. झाडाला अशा मोजूनमापून गाठी येत नाहीत, एवढे तेव्हाही कळत होते. पण घरात सगळे त्याला मोठ्या मानाने ‘लाकडी कपाट’ म्हणत असत, त्यामुळे मी गप्प राहिलो.

पुढे त्याच कपाटाला वडिलांनी ऑइलपेंटचे दोन हात दिले. तो रंग कधी वाळलाच नाही. महिना उलटला तरी टेकवलेले बोट तो किंचित धरून ठेवायचा आणि दाराला टेकून राहिलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे त्यावर उलटी उमटली होती. वडील हवेला दोष देत, आई रंगाच्या डब्याला आणि आजी वडिलांना. तिघांचेही चुकत होते. मऊ व्हिनाइलमध्ये ते लवचीक राहावे म्हणून तेलासारखे एक द्रव्य घातलेले असते; ते हळूहळू वर सरकते आणि ऑइलपेंटमध्ये उतरून त्यालाही मऊच ठेवते.

या व्हिनाइलचे नशीबच गमतीचे आहे. १८७२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना उन्हात राहिलेल्या काचपात्रात त्याचा पांढरा साका सापडला, पण त्या ठिसूळ वस्तूचे करायचे काय, हे पुढे कित्येक वर्षे कोणाला नीटसे उमगले नाही. १९२६ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वाल्डो सीमन हे रबर धातूला चिकटवू शकेल असे काहीतरी शोधत होते आणि तो पदार्थ द्रावकात तापवल्यावर त्यांच्या हाती जे आले ते मऊ, लवचीक आणि चिकटण्याच्या कामी निरुपयोगी होते. डिंक करायला गेलेल्या माणसाने जगाला व्हिनाइल दिले आणि आता आपण त्याला रंग चिकटावा म्हणून धडपडतो.

या खेपेस मी घाई केली नाही. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढला, सुटलेल्या कडा कापून फटी पुट्टीने भरल्या आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासले. येथे फक्त चकाकी मोडायची असते. पापुद्रा मिलिमीटरभरही जाड नसतो, हात जड पडला की भुसा उघडा पडतो आणि पाण्यातला रंग पिऊन फुगतो. त्यावर लाखेच्या प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या थराचा, एक हात दिला. लाख म्हणजे झाडांच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्यांचा स्राव. तेव्हा, भुसा सोडला तर, त्या छापील सागवानाच्या वाट्याला खऱ्या झाडावरचे काहीतरी प्रथमच आले. प्रायमर लावताना मी गाठी मोजल्या. पाच होत्या, पाचही जुळ्या, आणि पाचवी झाकताना उगाचच जरा वेळ लागला.

नंतरचा पाण्यातला राखाडी रंग दोन तासांत वाळला. पण वाळणे वेगळे आणि पक्के होणे वेगळे, त्याला तीन-चार आठवडे हवेत. तोवर फळीवर पुस्तके ठेवली तर ती चिकटतील, म्हणून ती अजून जमिनीवरच आहेत आणि घरातले सगळे त्यांना वळसा घालून चालतात. रंगाला हात लावू नका, असे मी सर्वांना बजावले आहे. वरच्या फळीवर अंगठ्याचा एक ठसा उमटला आहे. तो माझाच आहे.